झुलता पूल कुणाचा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. धारूरकडच्या आमच्या नदीवरचा झुलता पूल लोक माझा म्हणतात. मी सरकारी अभियंता, फक्त सही केली. पूल बांधला विहिरींवर यारी, म्हणजे क्रेन, चालवून गाळ उपसणाऱ्या एका माणसानं.

तारेवर पाना हाणून, कान लावून तो ताण ओळखायचा. म्हणायचा, "सायब, अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाच्या दोन मनोऱ्यांत बाराशे ऐंशी मीटर हाय, मदी टेकू न्हाई. ऐंशी वर्षं होत आली. आपला तर चाळीसच मीटर. कावून भेता?"

पुरात खालच्या अंगाचा सिमेंटचा जुना पूल वाहून गेला. हा डुलत उभा राहिला. सगळं गाव त्यावरून वाजतगाजत पलीकडे गेलं. सत्काराची शाल मी घेतली. सर्वांत जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

माफी मागायला त्याच्या घरी गेलो, तर तो पुलाचंच कौतुक सांगत बसला. चहा पिऊन परतलो. माफी राहिली ती राहिलीच.