पहिल्या घाण्याचं तेल

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका बाईचा फोन आला. "साहेबांनू, बेगीन येवा. माझ्या सासूक मारतले!" ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगून शिपायांसह निघालो.

गावातल्या काही तान्ह्या बाळांच्या अंगावर एकाएकी फोड आले होते. त्या सगळ्यांना मालिश करणारी एकच, फोनवरच्या बाईची सासू. करणीचा बोभाटा झाला होता. अंगणात जमाव, हातात दगड.

"तिका भायर काढा, नायतर आमी काढतलंव!"

मी खरंच घाबरलो. दंगेखोर निदान पळतात. हे बाळांचे बाप आणि आजे होते, ते हलणार नव्हते.

शिपायांना दाराशी उभं करून आत चौकशी सुरू केली. म्हातारी पदराखाली हात लपवून बसली होती. मला संशय आला.

"आजी, हात दाखवा."

दोन्ही तळवे सोललेले.

"कोणाक दाखवलंय नाय," ती म्हणाली. "करणी उलाटली म्हणतले."

स्वतःचे हात कोण जाळून घेईल? तेल कुठलं, ते विचारलं.

"गिरणीतला. पयल्या घाण्याचा."

गावचा गिरणीवाला हंगामातल्या पहिल्या घाण्याचं खोबरेल विकत नसे. आधी देवाच्या दिव्याला, मग बाळंतिणींच्या घरी फुकट द्यायचा, पुण्य म्हणून. मी तडक गिरणीत गेलो. मागे काजूच्या टरफलांचा ढीग होता. पलीकडच्या व्हाळाचं, त्या लहान ओढ्याचं पाणी काळं पडलं होतं, त्यात मासा उरला नव्हता. जरा दरडावलं तसा मालक रडू लागला. उन्हाळाभर त्याच यंत्रातून तो टरफलांचं तेल काढी, होड्यांना लावायला. ते कातडी जाळतं हे त्याला ठाऊक होतं.

"यंत्र धुतलंय, साहेबांनू! देवाशपथ धुतलंय!"

धुतलेलं व्हाळात गेलं होतं आणि सांदीत राहिलेलं पहिल्या खोबरेलात उतरलं होतं.

पंचनामा केला, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. बाळं बरी झाली. मी शिकलो ते एवढंच, की घाबरलेल्या माणसांना चौकशीचा धीर राहत नाही. तो धीर पोलिसाने धरायचा, आणि त्यासाठी वेळेवर पोचायचं.

तेलाचं खरं कळल्यावर दगड टाकून मंडळी माफी मागायला आली, तेव्हा म्हातारीने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "ह्या सगळ्यांका लहानपणी मीच न्हाणयलंय, साहेबांनू. त्येंका घराक जावंक सांगा. माका त्येंचा भ्या वाटता."