माहेरच्या लुगड्यावरची वाईन

आमच्याकडे बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माझं माहेर संपलं. आई गेली, भाऊही गेला, मागं कोणी नाही. म्हणून भावानं दिलेलं शेवटचं पांढरं, मऊ सुती लुगडं मीच ट्रंकेत जपून ठेवलं होतं. नातीनं पुण्यात मैत्रिणीच्या लग्नाला नेसायला मागितलं आणि मी दिलं. कौतुक करून घ्यायची खोड जुनीच.

तीन दिवसांनी ती मांजरसुंब्याला उतरून जीपनं केजला आली. पिशवीतून लुगडं काढलं. पदरावर तळहाताएवढा लालजांभळा डाग.

"काय सांडलं गं हे?"

"वाईन, आज्जी. द्राक्षाची असती."

"म्हंजे दारूच की. लगेच पाण्यात का न्हाई टाकलं?"

"तूच म्हणतीस ना, माझ्या हातून सुटला न्हाई असा डाग न्हाई. म्हणून तसंच आणलं."

ती बढाई मी पन्नास वर्षं मारतेय.

एकोणीस वर्षांची असताना सासऱ्यांच्या पांढऱ्या पटक्यावर माझ्या हातून जांभळं सांडली. तेव्हाच्या त्या शहाणीनं, म्हणजे मीच, पटका सोडा घालून उकळला. डाग निळाकाळा होऊन पक्का बसला. बाईसाहेब घाबरल्या. मग त्यांनी घरातली होती नव्हती तेवढी नीळ ओतली. सगळा पटकाच निळसर झाला, त्यात डाग बुडाला. सासूबाई म्हणाल्या, "लई उजळ धुतीस गं." बाईसाहेबांनी लाजून पदर सावरला. गल्लीत नाव झालं. पुढं कोणी डागाचं कापड घेऊन आलं की बाईसाहेबांची कंबर नेमकी तेव्हाच दुखायची, पण नाव काही गेलं नाही.

नातीला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाले, "ठेव तिकडं. निघंल."

आणि गरम पाणी घेतलं. वर सोडा. इतकी वर्षं गेली, हात त्याच एकोणीसच्या गाढवीचा. डाग हिरवट निळा झाला. लिंबू पिळलं तर गुलाबी झाला, पण हलला नाही. जरा जोरात चोळलं तर एक धागा सुटला. पुन्हा नीळ घालावी तर पिळताना लुगडं फाटून हातात आलं असतं.

शेवटी नातीला पटक्याची गोष्ट सांगितली. ती हसली.

"आज्जी, दुसरं घेते ना तुला. याच्याहून भारी."

"घे की. पण ते माहेरचं कसं व्हायचं?"

तिनं ते ओलं लुगडं उचलून दोरीवर घातलं.

वाळल्यावर मी डाग आत जाईल अशी घडी घातली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. मी गेल्यावर नेसवणाऱ्या बायका ती उलगडणारच. एखादी म्हणेलही, हिला तर लई उजळ धुता येत होतं. तेव्हा मला कंबर दुखते असंही सांगता यायचं नाही.