पाच उंदरांच्या दोनशे पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. आता आत ठेवणं जमत नाही, एवढंच.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. औषध दिलेले पाच उंदीर, न दिलेले पाच. प्रत्येकाच्या मेंदूचे पातळ काप पाडून त्यातल्या चाळीसेक पेशी तपासायच्या. आता मला सांगा — एकाच घरातल्या चाळीस जणांना विचारलं, म्हणून चाळीस घरं फिरलो असं होतं का? एका उंदराच्या पेशीही एका घरातल्याच. मोजायचे ते उंदीर. हे मला — खोटं कशाला बोलू — पक्कं ठाऊक होतं. पण उंदीर मोजले की औषधाचा गुण दिसेना. दिसत होता तो एकाच उंदरात. मग मी पेशी मोजल्या. इकडे दोनशे, तिकडे दोनशे, प्रत्येक पेशी जणू सुटी! गुण लख्ख दिसला. पेपर छापून आला, सरांनी पेढे वाटले.

आणि मग तन्वी आली. लालबागची, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. सरांनी तिला माझंच काम पुढे न्यायला दिलं. नसलेलं तिला सापडणार कुठून? एक वर्ष गेलं, दोन गेली. एके दुपारी माझ्यापाशी येऊन बसली. "ताई, माझं काय चुकतंय गं? तू फक्त सांग, मी परत करते सगळं."

एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, मेंदूचे काप नीट पडत नाहीत तुझे. हात बसलेला नाही. काहींचा बसतच नाही. — तिचे काप माझ्यापेक्षा सुबक होते हो! मी स्वतः पाहिले होते. तिने मान खाली घातली आणि दोन महिन्यांत पीएचडी सोडली. मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. त्याची किळस अजून जात नाही.

गेल्या महिन्यात दादरच्या फुलबाजारात भेटली. शीवला कुठेतरी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये असते. सोबत तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलगी मला धीटपणे म्हणाली, मलाही मेंदूवर काम करायचंय. तन्वी हसली. "ताई, तूच सांग हिला. आपल्या घरात तो हात नाही, उगाच वर्षं जातात."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली.