बाहीपुरतं बोलणारी आत्या

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात बाह्या जोडते. तिथली रीत अशी, की प्रत्येकीने आपल्या भागापुरतंच बोलायचं. कॉलर वाकडी दिसली तरी बाहीवालीने तोंड उघडायचं नाही, कॉलरवालीला राग येतो.

दुखण्यांच्या बाबतीतही आत्या अशीच वागली. हाडांच्या डॉक्टरांना पाठ आणि सांधे, पोटाच्या डॉक्टरांना पोट, आणि पाळीतल्या जीवघेण्या कळा फक्त बायकांच्या डॉक्टरांना. त्यांच्यापैकी कोणीही पुढचं काही विचारलं नाही. रिपोर्ट नॉर्मल यायचे, वर सल्ला मिळायचा, "मनाला लावून घेऊ नका." आत्याचे यजमान म्हणायचे, "बघ, पुन्हा पहिल्या नंबराने पास!" तीही हसायची आणि डोकं बांधून कामाला जायची.

एका सकाळी अर्धशिशीने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यात तिने गठ्ठाभर शर्टांच्या उजव्या बाह्या डावीकडे लावल्या. मास्तर भडकले.

"बाई, तुमचं रोज काहीतरी दुखतं. असंच चालणार असेल तर मशीन दुसरीला देतो."

त्या मशीनवर आत्याचा जीव. तिने गठ्ठा उसवायला बाजूला काढला.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवर काजं करणारी शेजारीण तिच्याबरोबर बाह्या उसवायला बसली. "नक्की काय काय होतं गं तुला?" आत्याने पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"हे सगळं कुठल्या एका डॉक्टरला सांगितलंस?"

"हाडवाल्याला पाळीचं कशाला सांगू?"

"अगं वेडे, अंग एकच ना तुझं? की तेही कटिंग होऊन आलंय?"

शेजारीण स्वतः तिला घेऊन गेली. नव्या डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं, तपासण्या केल्या. म्हणाल्या, "पाळीच्या कळा एंडोमेट्रिओसिसच्या, पाठ-सांध्यांचं दुखणं फायब्रोमायल्जियाचं, आणि वर अर्धशिशी. ही दुखणी बऱ्याचदा एकत्र येतात. तुम्ही उगाच कुरकुरत नव्हता." आत्या तिथेच रडली. कोणीतरी खरं मानलं, एवढ्यानेच तिला हलकं वाटलं.

दुखणी गेली नाहीत, पण औषधांनी बरे दिवस वाढले. वाईट दिवसांचं शेजारणीने मास्तरांशी बोलून ठरवलं, "हिचं अंग आखडलं की बाह्या मी लावीन, माझ्याकडची धागेकापणी ही करेल. माल वेळेवर मिळाल्याशी मतलब ना तुम्हाला?"

मास्तर कुरकुरत कबूल झाले.

परवा आत्या घरी आली ती खुशीत. "आज सकाळीच सांगून टाकलं, मशीनवर बसणं जमणार नाही. कोणी एक शब्द बोललं नाही गं. मास्तरांनी तर पाठ टेकायची खुर्ची स्वतः सरकवली. म्हणाले, उद्या बरं वाटलं तर या मशीनवर, तुमचीच आहे."