न उघडणाऱ्या फाइली

ग्रंथालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. कधीकाळी त्यांनी कॉम्प्युटरचे वर्ग घेतले होते, तेवढंच निमित्त. बसायला तळघरातली खोली. इंटरनेट बंद पडलं की वरच्यांना त्यांची आठवण व्हायची. घरीही ते एकटेच. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी परदेशात.

गावातल्या वयस्क माणसांच्या आठवणी ग्रंथालयानं रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. एकेकाची झिप फाइल करून मास्तरांनी त्या साइटवर ठेवल्या. महिन्याला दोन-तीनशे डाउनलोड दिसत. कुणीतरी ऐकतंय, या विचारानं त्यांना बरं वाटे.

मग एका बाईंचा ईमेल आला. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, गेल्या वर्षी वारले. त्यांचा आवाज ऐकावा म्हणून मी फाइल उघडायला गेले, तर स्क्रीनभर नुसती किड्यामुंग्यांसारखी अक्षरं. शेवटी लिहिलं होतं, माझंच काहीतरी चुकत असेल.

चूक बाईंची नव्हती. सर्व्हर फाइल पाठवताना ती कुठल्या प्रकारची आहे हेही ब्राउझरला कळवतो. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बदलला, तेव्हा झिपचा प्रकार नोंदवायचा राहून गेला होता. त्यामुळे प्रत्येक फाइल साधा मजकूर म्हणून जात होती आणि ब्राउझर ती उतरवून घेण्याऐवजी वाचून दाखवायला बघत होता. मास्तर फाइली थेट सर्व्हरवरच तपासत. तिथे सगळं ठीक असे.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती करून त्यांनी सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी पाहिल्या. एकेक माणूस चार-चार, पाच-पाच वेळा खटपट करून निघून गेला होता. दोन वर्षांत एकानंही कळवलं नव्हतं. महिन्याचे दोन-तीनशे डाउनलोड म्हणजे हीच खटपट होती.

मग त्यांनी बाईंना फोन लावला. आधी ब्राउझरमध्ये साठलेलं जुनं पुसायला सांगितलं, मग पुन्हा डाउनलोड करायला. ते सांगतील तसं बाई हळूहळू करत गेल्या. थोड्या वेळानं फोनमधून एक घोगरा आवाज ऐकू आला, "पहिलं घड्याळ मी पार बिघडवूनच ठेवलं होतं." रेकॉर्डिंगमध्येच मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"ती मीच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तर सगळंच ऐकलं असेल ना?"

मास्तर गडबडले. "नाही हो. फाइल उघडते की नाही, एवढंच बघायचो."

"मग ऐका. फार गप्पिष्ट होते ते. तुमचा वेळ बरा जाईल."

बाईंनी फोन ठेवला. मास्तरांनी डबा उघडला, हेडफोन कानाला लावले आणि घड्याळवाल्यांचं बोलणं सुरू केलं. चाळीस मिनिटांचं होतं. जेवण कधीच आटोपलं, तरी ते उठले नाहीत.