मिशी कुठं गेली रे?

अमानवीय वगैरे शब्दांचा मला मनापासून तिटकारा आहे, हे आधीच सांगतो. मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं कपाटात विषयवार लावतो, त्यापलीकडे त्यांच्याशी माझा संबंध नाही. तरी लिहितोय, कारण लोकांनी वैताग आणलाय.

माझा थोरला भाऊ, दादा, नांदेडला राहतो. एका सकाळी त्याला गरगरायला लागलं, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली. "पित्त असेल" म्हणत घरच्यांनी लिंबूपाणी पाजलं! कोसळला तेव्हा कुठं दवाखाना. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी नस गुठळीनं बंद झाली होती. डॉक्टरांनी मांडीतल्या नसेतून बारीक नळी थेट वर नेली आणि गुठळी ओढून काढली. दादा वाचला, बोलू लागला. नजर मात्र गेली. डोळे धड होते, पण मेंदूतला पाहणारा भाग आधीच मेला होता.

आणि दादाला ते पटेचना. "दिसून राहिलं की मला!" वहिनीच्या पिवळ्या साडीला हिरवी म्हणायचा, भिंतीवर नसलेल्या घड्याळात वेळ बघायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदू रिकामी जागा मनानंच भरतो. वाद घालू नका.

त्याच दिवसांत लातूरला आई गेली... झोपेतच. दादाला धक्का सोसणार नाही, म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. धाकटा म्हणून अग्नी मीच दिला. तेरावा उरकून नांदेडला गेलो — डोकं आणि मिशी उतरवलेली. वॉर्डाबाहेर टोपी सारखी करत होतो, तर वहिनी कुजबुजली, "राहू द्या भाऊजी, त्यांना कुठं दिसतंय?"

मी आत पाऊल टाकलं. तोंडातून शब्द काढला नव्हता. दादानं मान वळवली.

"आलास का प्रकाश? निळा शर्ट झकास दिसून राहिला. पण मिशी कुठं गेली रे?"

शर्ट पांढरा होता.

मग त्याचा चेहरा उतरला. "आई गेली न?"

मी त्याच्या डोळ्यांपुढे दोन बोटं धरली. "किती?"

"पाच. आंधळा समजतो काय मला?"

डॉक्टर म्हणतात, योगायोग. हे स्पष्टीकरण नव्हे, बोलणं संपवायची रीत आहे. चपलांच्या आवाजावरून मला ओळखलं असेल, मान्य. पण मिशी? ती कॉलेजपासूनची. वहिनी शपथेवर सांगते की कुणीही बोललं नव्हतं. मावशी आईला बाई म्हणायची; ती तर भेटेल त्याला सांगत सुटलीय, "बाई सोता येऊन सांगून गेली लेकराला." मग बाईनं शर्टाचा रंग चुकीचा का सांगितला, मावशी? यावर ती फक्त हात जोडते.

मला अजून काहीच उलगडलेलं नाही. त्या दिवशी मी दादाला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, "पण तुला कळलं कसं?"

शेवटी तो ओरडलाच. "तुझं राहू दे बाजूला! तेरावा झाला न? मला का न्हाई सांगितलं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. दादा आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे रोखून बघत होता, उत्तराची वाट पाहत.