मंगरूची बाज

मंगरू गेला त्या दिवशी माझ्या अंगावर वर्दी नव्हती. हवालदार रामटेकेंच्याही नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी धानोऱ्याच्या पुढे जंगलात होती. मी नर्सिंग असिस्टंट. सकाळी रोड ओपनिंग, म्हणजे सुरुंग शोधत रस्त्याने चालणे. दुपारी सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. गावकरीही औषधाला येत. औषध नेलेलं चालायचं, पण आमच्या गाडीत दिसलेला माणूस खबऱ्या ठरे. खबऱ्याला जंगलातले नक्षलवादी जिवंत ठेवत नसत.

मोहाची फुलं वेचण्याच्या दिवसांत लालसू मुलाला खांद्यावर घेऊन गेटपाशी आला. मंगरू चार वर्षांचा होता. त्याच्या जांघेतली गाठ आदल्या दिवसापासून आत जात नव्हती. ती कडक झाली होती आणि तो हिरवं ओकत होता. आतडं अडकलं होतं. ऑपरेशन छोटं, पण लगेच व्हायला हवं होतं.

कंपनी कमांडर म्हणाले, "गाडी देतो."

लालसूने मान हलवली. "तुमच्या गाडीत बसलो तं मले मारतीन, साहेब. घरी अजून दोन लेकरं आहेत."

रामटेके याच मुलखातल्या नागभीडचे. त्यांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "खांद्यावर नेतो, सर. साध्या कपड्यात."

"मग रायफल इथेच राहील. आणि मी तुम्हाला पाठवलेलं नाही."

"येस सर."

मीही लुंगी नेसलो. गावातून दोरीची बाज आणली, तिला बांबू बांधला आणि आडवाटेने निघालो.

"रडू नको रे पाटील," रामटेके म्हणाले. "तुयी पालखी निंगाली." मंगरू थोडा हसला.

धानोऱ्यात बाज एका टपरीपाशी ठेवली आणि भाड्याची जीप केली. जिल्ह्याच्या गावातल्या सर्जनने गाठ पाहिली. "ऑपरेशन मी करीन. पण एवढ्या लहान मुलाला भूल द्यायला इथे कुणी नाही. नागपूरला न्या." त्यांनी सलाईन लावून दिलं. बोलताना ते आमच्याकडे पाहत नव्हते.

नागभीडच्या अलीकडे मला नाडी लागेनाशी झाली. मी रामटेकेंकडे पाहिलं.

"थांबव गाडी," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"काऊन थांबली?" लालसूने विचारलं. नंतर त्याने मुलाच्या तोंडावर गमछा ओढला. "माती गावात द्या लागते, भाऊ."

धानोऱ्यापासून पुन्हा तीच बाज. पुरल्यावर गावच्या रीतीप्रमाणे बाज मातीपाशी उलटी ठेवली. ती परत घरात नेत नाहीत.

पुढच्या वर्षी रोड ओपनिंगमध्ये रामटेकेंचा पाय सुरुंगावर पडला. मी पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी त्या गावी गेलो. आता तिथवर डांबरी रस्ता आहे. लालसू म्हातारा झाला आहे. लेकराला ऑपरेशन लागलं तर आता कुठे नेता, असं मी विचारलं.

"नागपूरले," तो म्हणाला.

मंगरूच्या मातीपाशी बाजेचे दोन पाय शिल्लक आहेत.